आमची पिकअप आणि पाण्यातील इंधन

आमच्या निवासी शाळेची जुनी पिकअप अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. सोमवारी व गुरुवारी पहाटे ती उमरेडच्या पुढील आमच्या गावाहून निघते, चांपा आणि पाचगाव मागे टाकीत नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचते आणि दुपारपर्यंत भोजनगृहासाठी भाजीपाला, कांदे-बटाटे व डाळ-तांदूळ घेऊन परतते. येऊन-जाऊन सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास. या गाडीचे डिझेल हा शाळेच्या अंदाजपत्रकातील एक अटळ आकडा आहे. तो कमी झाला, तर वाचलेल्या पैशांचे मुलांच्या पेल्यात दूध होते. तो वाढला, तर कोठेतरी हात आखडता घ्यावा लागतो. म्हणूनच या गाडीवर आम्ही केलेल्या एका प्रयोगाची हकिकत स्मरणिकेत नोंदवून ठेवावी, असे आम्हांस वाटते. आम्ही म्हणजे कार्यशाळेचे निदेशक, विज्ञानाचे शिक्षक, गाडीचे चालक आणि त्या वर्षीचे दहावीचे पाच विद्यार्थी. हे लेखन सर्वांच्या वतीने आहे.

प्रयोगाचे निमित्त एका विक्रेत्याने पुरविले. हे गृहस्थ एक पोलादी पेटी घेऊन शाळेत आले होते. पेटीत पाणी होते, तिला बॅटरीच्या तारा जोडल्या होत्या व एक नळी साबणाच्या फेसात सोडली होती. त्यांनी त्या फेसाला काडी लावताच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. गाडी चालू असताना ही पेटी पाण्यापासून हायड्रोजन तयार करते, तो वायू इंजिनात डिझेलबरोबर जळतो आणि तीस टक्के इंधन वाचते, असे त्यांनी सांगितले. पेटीची किंमत अठरा हजार रुपये होती. शाळेला मात्र ती विनामूल्य मिळणार होती. अट एकच होती : पेटी बसविलेल्या गाडीचे छायाचित्र आणि शाळेचे नाव त्यांच्या जाहिरातपत्रकावर छापू द्यावे.

फुकट मिळणारी वस्तू नाकारण्याएवढी आमची शाळा संपन्न नाही. परंतु त्या अटीचा अर्थ सर्वांच्या ध्यानात आला. आमच्या पंचक्रोशीत भाजी, दूध व बांधकामाचे साहित्य वाहून पोट भरणाऱ्या पिकअप पुष्कळ आहेत. त्यांतील काहींचे मालक याच शाळेत शिकलेले आहेत. ‘शाळेने बसविले आहे’ एवढे वाक्य त्यांना पुरेसे झाले असते. त्यांपैकी एक माजी विद्यार्थी तर त्याच आठवड्यात भेटावयास आला. गाडीचे हप्ते चालू होते, डिझेलचा खर्च भागत नव्हता आणि आईच्या बचत गटातून कर्ज काढून ही पेटी घ्यावी, असा त्याचा विचार होता. ‘सर, तुम्ही सांगाल तसं करतो,’ असे तो म्हणाला. हे वाक्य ऐकावयास गोड असले, तरी त्याचे ओझे मोठे असते.

आदरणीय मुख्याध्यापक सरांनी विक्रेत्याला नकार दिला नाही आणि होकारही दिला नाही. ते आम्हांस म्हणाले, ‘पेटी आपणच तयार करा, बसवा आणि मोजा. आकडा येईपर्यंत कोणीही मत द्यायचे नाही.’ त्यांनी तीन अटी घातल्या. गाडीच्या मूळ भागास एकही छिद्र पाडायचे नाही. प्रयोग संपताच सर्व काढून गाडी पूर्ववत करायची; कारण मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगते फेरफार करू देत नाही. आणि दाहक द्रव्ये विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची नाहीत.

पेटीची रचना सांगणे उद्बोधक होईल. आम्ही ३१६ एल प्रतीच्या गंज न चढणाऱ्या पोलादाचे सात पत्रे कापले, त्यांच्यामध्ये रबरी चकत्या घातल्या व दोन्ही टोकांना जाड ॲक्रिलिकच्या फळ्या लावून बोल्टने आवळले. पहिल्या पत्र्याला बॅटरीचे धन टोक, शेवटच्याला ऋण टोक जोडले आणि मधले पाच पत्रे तसेच ठेवले. त्यामुळे सहा पेशींची एक माळ झाली आणि गाडी चालू असताना मिळणारा सुमारे चौदा व्होल्टचा दाब सहा ठिकाणी वाटला गेला. शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे कॉस्टिक पोटॅश घातले. हे काम शिक्षकांनी हातमोजे व चष्मा घालून केले, कारण ते द्रावण त्वचा व डोळे जाळते. मीठ का टाकू नये, असे एका विद्यार्थ्याने विचारले. मीठ टाकले तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो, हे त्यास वहीत समीकरण मांडून दाखविले.

पेटीतून निघणारा वायू आम्ही आधी पाण्याने भरलेल्या एका जाड बाटलीतून नेला. इंजिनाकडून ज्वाला उलटी आली, तर ती या पाण्यात विझावी, हा हेतू. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे हे मिश्रण कोठेही साठवायचे नसते. तयार होताच वापरायचे असते. म्हणून इंजिन बंद पडताच पेटीचा प्रवाह तुटेल अशा रीतीने रिले जोडला व तारेवर तीस अँपिअरचा फ्यूज बसविला. हवेच्या फिल्टरापासून इंजिनाकडे जाणारा मूळ रबरी होज काढून जपून ठेवला. भंगारातून आणलेला दुसरा होज त्या जागी लावला आणि वायूच्या नळीसाठी छिद्र पाडले ते त्याला.

पेटी चालली. वीस अँपिअर प्रवाह सोडला की पाण्यात पालथी धरलेली एक लिटरची बाटली पन्नासएक सेकंदांत वायूने भरत असे. हा वेग मुलांनी आधीच गणिताने काढला होता. पाण्याचे विद्युत्-विघटन इ. स. १८०० मध्ये निकल्सन व कार्लाइल यांनी करून दाखविले आणि किती विजेने किती वायू निघतो याचे नियम पुढे १८३० च्या दशकात मायकेल फॅरडे यांनी बांधून दिले. लोहाराच्या घरी जन्मलेले व पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले फॅरडे आमच्या विद्यार्थ्यांना आपले वाटतात. त्यांच्या नियमानुसार एका पेशीतून एक अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला, तर दोन्ही वायू मिळून सुमारे साडेदहा मिलिलिटर भरतात. सहा पेशी आणि वीस अँपिअर म्हणजे मिनिटाला सव्वा लिटर. कागद आणि बाटली यांचे उत्तर जुळले, त्या दिवशी कार्यशाळेत सणासारखे वातावरण होते.

पुढचे गणित मात्र सणाचे नव्हते. मिनिटाला सव्वा लिटर वायूतील हायड्रोजन जळला, तर त्यातून सुमारे १५० वॅट उष्णता मिळते. तो तयार करण्यास पेटी सुमारे २७५ वॅट वीज घेते. उरलेली वीज पाणी तापविण्यात जाते, म्हणूनच पेटी हाताला चटका देते. ही वीज देतो अल्टरनेटर, आणि त्याला फिरवितो इंजिनाचा पट्टा. अल्टरनेटरमधील घट धरली, तर इंजिनाला त्यासाठी साडेचारशे वॅटहून अधिक शक्ती द्यावी लागते. इंजिन स्वतः डिझेलच्या उष्णतेपैकी तिसरा हिस्साच कामी लावते. म्हणजे सुमारे दीड हजार वॅटचे डिझेल जाळून दीडशे वॅटचे इंधन मिळवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथेही तोकडी पडते. पाणी हे इंधन नव्हे; इंधन जळून गेल्यावर उरलेली ती राख आहे. राखेतून पुन्हा लाकूड करायचे, तर जेवढी आग मिळाली होती निदान तेवढी तरी परत द्यावी लागते.

विक्रेत्याचे म्हणणे याहून थोडे निराळे होते, ते येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ‘वायू स्वतः इंधन म्हणून नव्हे, तर डिझेल अधिक चांगले जळावे म्हणून आहे,’ असे ते म्हणत. या दाव्याचाही विद्यार्थ्यांनी विचार केला. आमचे इंजिन अडीच लिटरचे आहे. मिनिटाला दोन हजार फेरे होत असता ते सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढते. तीत सव्वा लिटर वायू म्हणजे दोन हजारांत एक भाग. हवेत हायड्रोजन किमान चार टक्के असल्याखेरीज तो स्वतःहून पेट धरीत नाही. शिवाय नीट राखलेल्या डिझेल इंजिनात जवळजवळ सर्वच डिझेल जळते. न जळता बाहेर पडणारा भाग अगदी थोडा असतो. वाया जाते ती उष्णता, आणि ती जाते रेडिएटरमधून व धुराच्या नळीतून. जे डिझेल न जळता जातच नाही, ते अधिक चांगले जाळून तीस टक्के बचत कोठून काढायची? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

येथे कोणी म्हणेल की मग प्रयोग कशाला? परंतु कागदावरील गणिताने गाडीवाल्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. त्याला रस्त्यावरचे उत्तर हवे असते. तेव्हा आम्ही मोजणीची तयारी केली, आणि आमच्या दृष्टीने प्रयोगाचा खरा भाग हाच होता.

प्रथम पेटी न लावताच गाडीची निगा केली. हवेचा फिल्टर गच्च भरलेला होता, तो बदलला. चारही चाकांतील हवा कमी होती, ती योग्य केली. मागील एक ब्रेक चाकाला घासत होता, तो सोडविला. नोझल उमरेडच्या कारागिराकडून तपासून घेतले. त्यापूर्वीच्या सहा फेऱ्यांत गाडीने लिटरला सरासरी १०.२ किलोमीटर दिले होते. निगेनंतरच्या फेऱ्यांत ही सरासरी साडेअकराच्या आसपास आली. म्हणजे पेटी बसण्यापूर्वीच बचत होऊन गेली होती. ही पायरी वगळून आम्ही त्याच दिवशी पेटीही बसविली असती, तर हे सारे श्रेय पेटीच्या पदरात पडले असते. अशी यंत्रे बसविताना पुष्कळ ठिकाणी गाडीची साफसफाईही त्याच वेळी होते, आणि नवे यंत्र लावले म्हणून चालकाचा पायही काही दिवस हलका पडतो. बचत खरी असते. तिचे कारण मात्र दुसरेच असते.

नंतर बारा फेऱ्या ठरविल्या : सहा पेटी चालू ठेवून, सहा बंद ठेवून. कोणत्या दिवशी काय, हे चिठ्ठीने ठरे. पहाटे गाडी निघण्यापूर्वी एक विद्यार्थी चिठ्ठी उघडी, मागील हौद्यातील कुलूपबंद डब्यात असलेले बटण त्याप्रमाणे ठेवी, आणि चिठ्ठी पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून येई. चालकाला काहीच कळविले जात नसे. प्रत्येक वेळी गावच्या एकाच पंपावर, एकाच जागी गाडी उभी करून टाकी काठोकाठ भरली जाई. परतीचा माल धर्मकाट्यावर तोलला जाई. वजनात शंभर किलोंहून अधिक फरक पडला, तर ती फेरी धरायची नाही, असा नियम होता. तो माजी विद्यार्थीही सवड काढून मोजणीस हजर राहत असे.

चालककाकांना आम्ही एकच विनंती केली होती. परत आल्यावर त्यांनी फक्त सांगायचे की आज पेटी चालू होती की बंद. ते तीस वर्षे गाडी चालवीत आहेत आणि इंजिनाचा आवाज ऐकून पट्टा सैल आहे की नाही ते सांगू शकतात. काही दिवशी ते मोठ्या खात्रीने म्हणत, ‘आज गाडी हलकी चालून राहिली सर, पेटी नक्की चालू असन.’ त्यांचे प्रत्येक उत्तर वहीत लिहिले जाई.

बारावी फेरी झाली, त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाकिटे उघडली. पेटी चालू असलेल्या सहा फेऱ्यांची सरासरी लिटरला ११.४ किलोमीटर आली आणि बंद असलेल्या सहा फेऱ्यांची ११.५. टाकी भरण्याच्या आमच्या पद्धतीत दोन-तीन टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो, त्यामुळे या दोन आकड्यांत भेद आहे असे म्हणता येत नाही. पण दावा दोन-तीन टक्क्यांचा नव्हता, तीस टक्क्यांचा होता. तो खरा असता, तर पेटी चालू असतानाचा आकडा सोळाच्या वर गेला असता आणि आमच्या साध्या पद्धतीलाही तो लपविता आला नसता. चालककाकांची बारांपैकी पाच उत्तरे बरोबर होती. ते हसून म्हणाले, ‘म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.’ या वाक्याने खोलीतील अवघडलेपण गेले. त्यांच्या कानांचा यात काही दोष नव्हता. जे घडतच नव्हते, ते कोणत्याही कानाला ऐकू येणे शक्य नव्हते.

त्या माजी विद्यार्थ्याचा चेहरा मात्र उतरला. ‘सर, खरं निघालं असतं तर बरं झालं असतं,’ तो म्हणाला. आम्हांलाही तसेच वाटत होते. डिझेलचा भाव त्याच्या हातात नाही, हप्त्याची तारीख त्याच्या हातात नाही, आणि हातात घेता येईल अशी एक पेटी समोर आली असता ती खरी ठरावी असे कोणासही वाटेल. अशा आशेला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. ही आशा जगभर विकली गेली आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टॅनली मायर यांनी पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा दावा केला; १९९६ मध्ये तेथील न्यायालयाने तो फसवणुकीचा ठरविला. त्याच वर्षी आपल्या देशात तमिळनाडूचे रामर पिल्लै यांच्या वनस्पतीपासूनच्या पेट्रोलची वर्तमानपत्रांतून धूम होती. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. अशा वेळी पैसे जातात ते बहुधा ज्यांच्याकडे ते थोडे असतात त्यांचे. आमच्याकडे आलेले विक्रेते स्वतःच्या पेटीवर मनापासून विश्वास ठेवणारे होते, असे आमचे मत आहे. आम्ही त्यांना वही दाखविली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चहा घेतला आणि ते निघून गेले. पत्रकावर शाळेचे नाव छापले गेले नाही.

याचा अर्थ हायड्रोजनच खोटा, असा मुळीच नाही. सूर्य किंवा वारा यांपासून मिळविलेल्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन बनवावा व तो कारखान्यांत आणि वाहनांत वापरावा, यासाठी भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. तेथे ऊर्जा बाहेरून येते आणि ती कोठून आली याचा हिशेब मांडलेला असतो. आमच्या पेटीत ती डिझेलमधूनच येत होती व डिझेललाच परत मिळणार होती, वाटेत दहा भागांतील नऊ भाग गमावून.

शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी एक लहानसा पेच उभा राहिला. पेटी मांडावी, फेस पेटवून दाखवावा, पण सरासरीचा तक्ता लावू नये, असे दोन विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. एवढ्या मेहनतीनंतर फळ्यावर ‘बचत : शून्य’ लिहावयाचे त्यांच्या जिवावर आले होते. उरलेल्या तिघांनी त्यांची समजूत काढली. आम्हां शिक्षकांना बोलावे लागले नाही. एक मुलगी म्हणाली, ‘नुसता आवाज दाखवला तर आपणही पेटीच विकतोय.’ तक्ता लागला. एका वृद्ध शेतकऱ्याने तो निरखून पाहिला आणि विचारले, ‘मग बाई, तुमच्या खटाटोपाचा फायदा काय?’ तिने त्यांना खालची ओळ बोटाने दाखविली. तेथे फिल्टर, हवा, ब्रेक आणि नोझल यांनी लिटरमागे सव्वा किलोमीटरहून अधिक कसे वाचविले, ते लिहिले होते.

गाडी आता तिच्या मूळ होजसह पूर्ववत आहे. पेटी प्रयोगशाळेच्या कपाटात असून दहावीच्या वर्गाला विद्युत्-विघटन शिकविताना दरवर्षी बाहेर येते. माजी विद्यार्थ्याने कर्ज काढले नाही. आपल्या गाडीचे फिल्टर व नोझल मात्र करून घेतले. कार्यशाळेसाठी आम्ही एक चांगला हवादाबमापक आणि एक छोटा कॉम्प्रेसर घेतला आहे. बाजाराच्या दिवशी पहाटे शाळेच्या फाटकाशी गावातील पिकअप थांबतात, कार्यशाळेतील मुले त्यांच्या चाकांतील हवा विनामूल्य तपासून देतात व प्रत्येक गाडीचा आकडा त्याच जुन्या वहीत लिहून ठेवतात. ती वही कार्यशाळेच्या खिडकीत असते. ज्या माजी विद्यार्थ्यांना ती पाहावयाची असेल, त्यांनी अवश्य यावे. आणि येताना गाडी आणली असेल, तर हवा तपासूनच जावे.